सही करणाऱ्याची फेरी

मुलीच्या नव्या घरी मी पहिल्यांदाच चाललो होतो, आणि सहाव्या मजल्यावर लिफ्ट चार बोटं खाली थांबली. एवढंच झालं. माझ्याबरोबर भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी होत्या. त्यांनी सवयीनं पाय उंच उचलला, उंबरा ओलांडावा तशा बाहेर पडल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "जपून हं, ही जरा खालीच थांबते." म्हणजे रोजच थांबत होती. मी आतच उभा राहिलो. माझी एकतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात गेली आहेत. चार बोटं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. ब्रेकचं अस्तर झिजलंय, आणि ते इतकं झिजेपर्यंत ज्यानं पाहिलं नाही त्यानं त्याच्या वरचंही काही पाहिलेलं नाही. दोर नाहीत, पुली नाही, आणि लिफ्टचा वेग भलता वाढला तर तिला जागच्या जागी पकडायला लावणारा गव्हर्नरही नाही. कोण हा गाढव, असं मनात म्हणतच मी मान वर केली. दाराच्या वर काचेच्या चौकटीत तपासणीचं कार्ड होतं. सही माझी होती. दार आपोआप बंद व्हायला लागलं तसा मी हात घातला आणि बाहेर पडलो. सहीच्या खाली तारीख होती, पण चष्मा खिशात होता आणि तो मी खिशातच राहू दिला.

त्या इमारतीत मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. नियम असा आहे की तपासनीस लिफ्ट तपासतो, कार्डावर सही करतो, तारीख घालतो आणि ते कार्ड तीन वर्षं चालतं. आमच्या खात्यात तपासनीस चार आणि लिफ्ट शेकड्यांनी, म्हणून कधीतरी, कुणी सुरू केलं ते देवालाच ठाऊक, अशी रीत पडली की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपासनिसानं कोऱ्या कार्डांवर सह्या करून ठेवायच्या आणि देखभालीच्या मेकॅनिकनं जाईल तिथे तारीख घालून ती लावायची. माझ्या भागातल्या मेकॅनिकला सगळे ग्रीस म्हणत. तो दर महिन्याला दारातून डोकावून विचारायचा, "साहेब, या महिन्याची पेरणी झाली का?" आणि मी चहा पिता पिता सह्या करायचो. मी आधी असा नव्हतो, हे सांगावंसं वाटतं. आणि सांगितलं की कारणं देतोय असंही वाटतं. बायको आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, पहिल्या महिन्यात मी दहाच कार्डं कोरी दिली. पण ती गेल्यावर मला कुणी कुठे अडवून ठेवलं नव्हतं, तरी पुढे वर्षभर मी पेरतच राहिलो. दुःखाचं निमित्त होतं, आळस माझा होता. ज्यांनी मला काम शिकवलं ते थोरले साहेब हे बघायला राहिले नाहीत, तेवढं एक बरं झालं. ते मोटारखोलीत जाऊन दोराभोवती जुनं सुती फडकं धरायचे आणि लिफ्ट हळूहळू चालवायला सांगायचे. दोरातली एखादी तार तुटलेली असली तर ती फडक्याला अडकते. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. सगळं पाहून झालं की इतरांना बाहेर काढून ते एकटे लिफ्टमध्ये शिरायचे, जमिनीवर एक नाणं कडेवर उभं करायचे आणि वरपासून खालपर्यंत यायचे. पहिली फेरी सही करणाऱ्याची, हा आमच्या धंद्यातला रिवाज. नाणं पडलं तर सही नाही. "आपण चढणार नाही तिथे दुसऱ्याला चढवू नये," एवढंच ते म्हणायचे, आणि हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही म्हणून हसायचे.

मुलीनं दार उघडलं तेव्हा नातू तिच्या कडेवर होता. आठ महिन्यांचा आहे, माझं नाक धरायला त्याला आवडतं. तिनं मला सगळं घर दाखवलं. ही खिडकी, हा ओटा, इथून बघा बाबा, नदी दिसते. मी हो हो म्हणत होतो आणि भिंतीपलीकडे लिफ्ट खाली जायची, वर यायची, ते ऐकत होतो. प्रत्येक वेळी थांबताना एक छोटासा हिसका, मग दार. तीन महिन्यांपूर्वी खालच्या कोर्टानं मला दोन गुन्ह्यांत दोषी ठरवलं होतं, निष्काळजीपणानं मृत्यू घडवणे आणि खोटा दाखला देणे. दोन वर्षं आणि एक वर्ष, दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. वरच्या कोर्टात अपील दाखल होतं, शिक्षेला स्थगिती होती आणि मी जामिनावर बाहेर, म्हणजे नातवाला माझं नाक धरता येत होतं ते त्या अपिलामुळे. हे सगळं मुलीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकच. निघताना मी चपला घालत घालत, जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हटलं, "तू जिन्यानं जात जा. बाळंतपणानंतर व्यायाम बरा असतो." ती हसली. "सहा मजले? याला घेऊन?" मी म्हटलं, "हो. याला घेऊन तर नक्कीच." तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग म्हणाली, "बरं, बघते." मी जिन्यानंच उतरलो. तिसऱ्या मजल्यापाशी भिंतीपलीकडून लिफ्ट माझ्या जवळून वर गेली. आत कुणीतरी शीळ घालत होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत मी निबंधात घातली होती आणि तिचा अर्थ मला कळतो असं पन्नास वर्षं धरून चाललो होतो.

ज्या अपघातानं मला कोर्टात नेलं त्यात एक माणूस मेला. चष्म्याच्या दुकानात कामाला होता. पाचव्या मजल्यावरच्या कुणा वृद्ध गिऱ्हाइकाला नवा चष्मा पोचवायला गेला होता आणि परत येताना, गिऱ्हाइकानं काच बदलायला सांगितली म्हणून, चष्मा पुन्हा खिशात घेऊन लिफ्टमध्ये शिरला. दोर घसरले. अशा वेळी गव्हर्नरनं पकडायचं असतं, पण इमारतीला आदल्या वर्षी रंग दिला होता आणि रंगाऱ्यांनी गव्हर्नरसकट सगळं रंगवून टाकलं होतं. रंग वाळून त्याची चाकं जाम झाली होती. वर जाऊन नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं. दोन मिनिटांचं काम. कोर्टात तो चष्मा पुराव्यात आला तेव्हा डबीत तो अखंड होता, एक चरासुद्धा नव्हता काचेला. न्यायाधीशांनी तो उजेडाकडे धरला आणि पटकन खाली ठेवला. त्या माणसाची बायको प्रत्येक तारखेला यायची आणि दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या टोकाला बसायची. कोर्टाची इमारत जुनी, मधोमध जाळीच्या पिंजऱ्याची लिफ्ट आणि तिच्याभोवती गोल फिरत जाणारा जिना. खालचं कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, वरचं चौथ्यावर. ती बाई लिफ्टला हात लावत नसे. मी जाळीच्या आतून वर जायचो आणि ती बाहेरून, कठड्याला धरून, पायरी पायरी. आमची नजरानजर व्हायची ती अशी, मी सरकत वर निघून जायचो आणि तिचं डोकं, खांदे, मग पाय खाली जायचे. त्या पिंजऱ्यातही माझंच कार्ड होतं. सगळा खटलाभर सरकारी वकील, साक्षीदार, मला शिक्षा देणारे न्यायाधीश, सगळे माझ्या सहीवर खालीवर करत होते. तेव्हा मला याचं हसू आलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मनातल्या मनात, पण आलं होतं.

मुलीच्या घरून आल्यानंतर मला शहर वेगळं दिसायला लागलं. इतर लोक रस्त्यातून जाताना दुकानं बघतात, मी इमारतींच्या माथ्यावरच्या मोटारखोल्या बघायचो आणि प्रत्येकीखाली काहीतरी टांगलेलं आहे, हे मला सारखं जाणवायचं. जुनी वही काढून मी मोजलं. मुदत न संपलेली माझी कार्डं एकशे बारा. त्यातली किती मी स्वतः तपासलेली? वीस, फार तर बावीस. आणि कुठली वीस, ते वहीत नव्हतं. दुपारी जेवणानंतर डोळा लागायचा तेव्हा एक बारीक सळसळ ऐकू यायची, फडक्याला तार अडकते ना, तशी, आणि मी दचकून उठायचो तर पंख्याची पट्टी असायची. शेवटी मी उठलो आणि यादीतल्या पहिल्या इमारतीत गेलो. पहारेकऱ्याला म्हटलं, "ही लिफ्ट बंद ठेवा. तपासलेली नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मला माहीत आहे."

तो मला लिफ्टपाशी घेऊन गेला, समजूत घालावी तसा, आणि कार्डावर बोट ठेवलं. "हे बघा काका. सरकारी कार्ड आहे. सही आहे साहेबाची. साहेब काय खोटी सही करेल?" मी म्हटलं, ती सही माझीच आहे. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी कुणाला फोन करू का विचारलं. दुसऱ्या इमारतीच्या सेक्रेटरीनं मला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखलं आणि सांगितलं की इथे पुन्हा दिसलात तर पोलिसांना कळवीन, आमच्या लोकांना उगाच घाबरवू नका. तिसऱ्या इमारतीत मी गेलोच नाही, समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. एक बाई लेकराला शाळेतून घेऊन आली आणि दोघं आत शिरली. लेकरानं बटण दाबायचा हट्ट केला, त्याला उचलून धरावं लागलं. मी वरच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत थांबलो.

मग खात्यात गेलो. माझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नव्हतं, टेबलावर माझाच पाण्याचा ग्लास पालथा होता. मुख्य कारकून माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, त्यानं उठून दार लावलं.

"लेखी द्या," तो म्हणाला.

"लेखी दिलं तर तपासाल?"

"फाइलला लावू. तुमची फाइल अपिलात अडकलीय, साहेब. बाब न्यायप्रविष्ट. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुमची सही चांगली."

"आणि निकाल माझ्या बाजूनं लागला तर?"

"मग काय, सोन्याहून पिवळं. सही चांगलीच."

"आणि मी अपील मागे घेतलं तर?"

तो टाचण्यांच्या डबीशी चाळा करत होता, तो थांबला. "मग शिक्षा कायम. मग कलम लागतं. शिक्षा झालेल्या माणसानं दिलेले सगळे दाखले रद्द, फेरतपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद. कोर्टाचा हुकूम आला की पुढच्या सोमवारी नोटिसा निघतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण असं कोण करतं, साहेब? आणि एकदम एवढ्या लिफ्ट बंद पडल्या तर लोक आम्हाला फाडून खातील." त्याच्याही मनात भीती होती, फक्त ती जिने चढावे लागणाऱ्या लोकांची होती.

वकीलबाईंकडे जायचं मी चार दिवस टाळलं. त्या वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं वकिलीत केस पांढरे झालेल्या माणसाचं. त्यांनी माझ्यासाठी मनापासून काम केलं होतं, आणि अपिलाचा त्यांचा मुद्दा तर पक्का होता. अपघातातलं मूळ कार्ड सापडलंच नव्हतं. कोर्टासमोर होती ती झेरॉक्स. झेरॉक्सवरून सही शाबित होत नाही. उरला ग्रीस, त्यानं साक्षीत सांगितलं होतं की साहेब कोऱ्या सह्या देत. पण तो स्वतःच गुंतलेला, त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा टिकत नाही. मी जेव्हा म्हटलं की अपील मागे घ्यायचंय, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, तुम्ही गुन्हा केला की नाही, हे मी कधी विचारलंय तुम्हाला?"

"नाही."

"कारण ते माझं काम नाही. तुमचंही नाही. सिद्ध करायचं काम त्यांचं. त्यांनी ते नीट केलं नाही. मग तुम्ही कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

मी त्यांना एकशे बारा लिफ्टचं सांगितलं. त्यांनी काढलेला चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "या इमारतीतलीही?" मी हो म्हटलं. त्यांनी नकळत दाराकडे पाहिलं. "घाई करू नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. जिंकलो की मग अर्ज करा खात्याला, हवे तेवढे." मला ते पटलं. खरंच पटलं, एक महिना काय, इतकी वर्षं चालल्याच होत्या की. मी अपील मागे न घेता घरी आलो आणि त्या दिवशी मला चांगली भूक लागली. माणसाला पटायला काय, काहीही पटतं. फक्त शेवटी 'जा घरी' म्हणून सोडून देणारं कुणीतरी हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. नातू तिच्या खांद्यावर झोपला होता. तिनं त्याला माझ्या पलंगावर ठेवलं, बाजूला उशा लावल्या आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पोटऱ्या दुखत होत्या, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"त्यावर सतरा तारीख आहे, बाबा."

मी म्हटलं, "कशावर?" ताकाला जाऊन भांडं लपवण्याची माझी सवय जुनीच आहे.

"सतरा तारखेला आईला पोचवून आलो आपण. दिवसभर तुम्ही माझ्या शेजारी होतात. मी तुमचा हात सोडला नव्हता."

"तारीख मी घालत नाही. ती ग्रीस घालतो."

"तोही तिथे होता. सकाळी तुमच्या गळ्यात पडून रडत होता."

रडला होता, आणि संध्याकाळी जाऊन त्यानं कार्ड लावलं होतं. मला त्याचा राग आला नाही. त्याला बहुधा वाटलं असेल, साहेबांवर असा प्रसंग, निदान त्यांचं काम तरी मागे पडू नये. माझ्या सहीखाली बायकोच्या जाण्याची तारीख बिनतक्रार इतके दिवस लटकत होती, आजी पाय उचलून बाहेर पडत होत्या, कुणी शीळ घालत होतं.

"मला जिन्यानं जा म्हणालात," मुलगी म्हणाली. "समोरच्या आजींना काय म्हणालात?"

"काही नाही."

"त्या मला रोज विचारतात, अगं लिफ्ट असताना कशाला चढतेस. मी म्हणते, बाबांनी व्यायाम सांगितलाय. अकरा दिवस. कालच त्या म्हणाल्या, किती काळजी गं तुझ्या बाबांना." नळ उघडून तिनं तोंडावर पाणी मारलं. "आमच्या इमारतीत मी सांगितलंय सगळ्यांना. सकाळीच. लिफ्ट बंद केलीय. मुलीनंच सांगितलं म्हणून त्यांनी ऐकलं. पण तुम्हाला मुली एकशे बारा नाहीत."

"अपील मागे घेतलं तर मी तुरुंगात जाईन."

"माहितीय. मला तुम्ही घरी हवे आहात. याला आजोबा हवा आहे. तो चालायला लागेल तेव्हा तुम्ही हवे आहात. मी हे बोलले नाही असं नंतर म्हणू नका." तिनं पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला, तिच्या आईसारखा. "पण जा म्हणणार नाही, राहाही म्हणणार नाही. सही तुमची आहे." आत नातू जागा झाला आणि ती त्याच्याकडे गेली. मला फार भीती वाटली. तुरुंगाची वाटलीच, पण त्याहून, आदल्या दिवशी मला लागलेल्या भुकेची वाटली.

वकीलबाईंनी अर्ज स्वतः टाइप केला आणि माझ्यापुढे सरकवला. मी तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत सही करण्याआधी कागद वाचल्याचं मला आठवत नव्हतं. गुरुवारी सकाळी आम्ही कोर्टात गेलो, मुलगी नातवाला घेऊन, वकीलबाई, मी; चौघंही जिन्यानं. वर पोचलो तेव्हा ती बाई दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाला, बसलेली होती. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, पान उलटून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मग विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी नाही म्हटलं. "परिणाम समजून घेतलेत? आजच ताब्यात जावं लागेल." मी हो म्हटलं, आणि परवानगी घेऊन एवढंच सांगितलं की याच इमारतीतल्या लिफ्टवरही माझं कार्ड आहे आणि ती मी तपासलेली नाही. न्यायाधीशांची लेखणी जराशी थांबली. "ते खातं बघेल," ते म्हणाले. अपील मागे घेतल्यामुळे निकाली. दोन मिनिटं लागली असतील. मुलीनं नातवाचा हात धरून माझ्या नाकाला लावला आणि मग मला बघवेना म्हणून की तिला बघवेना म्हणून, ती आधी निघून गेली.

बाहेर हवालदार माझी वाट बघत होता. खटल्यापासूनचा ओळखीचा, गुडघ्यानं अधू. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. पिंजरा कुरकुरत वर आला, दाराशी पाच-सहा लोक जमले, दोन वकील, एक फायली घेतलेली मुलगी, एक म्हातारा. मी काही बोलणार तेवढ्यात ती बाई मधे आली. तिनं जाळीच्या दाराला पाठ लावली. सगळ्या खटल्यात तिला लिफ्टच्या इतक्या जवळ मी पाहिलं नव्हतं.

"ही यांनी तपासलेली नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "आत्ता कोर्टात सांगितलंय. कुणी जाऊ नका." मग माझ्याकडे वळली. "पहिली फेरी सही करणाऱ्याची असते ना? तुम्हीच साक्षीत सांगितलं होतंत. एकट्यानं जायची."

सांगितलं होतं. सरकारी वकिलानं विचारलं होतं की धंद्यात काही रिवाज असतो का, आणि मी जरा अभिमानानंच सांगितलं होतं. ती रागावलेली नव्हती. राहिलेलं काम आठवण करून द्यावं तसं तिनं म्हटलं होतं. हवालदार म्हणाला, "अहो बाई, आरोपीला एकटं कसं सोडू?" ती म्हणाली, "जाळीतून दिसतात की. पळून कुठे जातील? आपण बाजूनं उतरू." हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं." त्यानं मान हलवली आणि गुडघा धरून पहिली पायरी उतरला.

मी आत शिरलो. दार ओढून घेतलं. वर माझं कार्ड होतं, काचेवर धूळ होती. खिशातून नाणं काढलं, खाली वाकलो आणि ते कडेवर उभं केलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट आधी हलली नाही, मग एकदम बोटभर खाली बसली. मग चालू लागली. मी ऐकायला लागलो. किती वर्षांनी. उजव्या बाजूच्या पट्टीवर घासतंय. वर पुलीत खडखड आहे, प्रत्येक फेऱ्यात एकदाच, म्हणजे एका जागी खड्डा पडलाय. आणि त्या सगळ्याच्या आत बारीक सळसळ, दुपारी पलंगावर ऐकू यायची तीच. ती पंख्याची नव्हती, तारा उलगडत होत्या. जाळीबाहेर ती बाई माझ्या बरोबरीनं उतरत होती, तिची चप्पल एकेका पायरीवर वाजत होती, कधी तिचा चेहरा माझ्या समोर यायचा, कधी फक्त पाय. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे एक हिसका बसला. नाणं पडलं, गोल फिरत कोपऱ्यात गेलं आणि फटीतून खाली नाहीसं झालं. ते खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मी जाळी धरली नाही. धरून काही होत नाही, हे मला माहीत आहे. त्या माणसाला माहीत नसणार. त्यानं धरलं असेल काहीतरी, चष्म्याची डबी असेल.

लिफ्ट तळमजल्यापासून वीतभर खाली जाऊन थांबली. मी दार उघडलं आणि पाय उंच उचलून बाहेर आलो. ती बाई आधीच पोचली होती, धापा टाकत होती.

"काय?" तिनं विचारलं.

"बंद करा," मी म्हटलं. "दोर गेलाय." इमारतीच्या कामगारानं माझ्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, मग जाऊन मुख्य खटका खाली ओढला. पिंजऱ्यातला दिवा गेला. मी त्याला चौकटीतलं कार्ड काढायला लावलं, हवालदाराकडून पेन घेतलं, कार्डावर आडवं 'बंद' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. त्या दिवसाची. ती बाई माझ्या हाताकडे बघत होती, मी शेवटचा आकडा लिहीपर्यंत.

"एवढाच वेळ लागतो?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं मान डोलावली, जणू तिनं रस्ता विचारला होता आणि कुणी तो सांगितला होता, आणि ती बाहेरच्या उजेडात निघून गेली. हवालदार म्हणाला, "चला." आम्ही पायऱ्या उतरलो. समोरच्या इमारतीच्या दारात माणसं घोळक्यानं उभी होती, कुणीतरी आतून ओरडलं, "या, या, आहे जागा," आणि ती सगळी एकमेकांना सरकवत आत शिरली. ती माझ्या यादीत सत्तेचाळिसावी होती. नोटिसा सोमवारी निघणार होत्या, आणि आज गुरुवार होता.